करवंटीचा कोळसा आणि रंगाचं पाणी

श्रीवर्धनच्या वाडीत नारळ सोलला की सोडण उरतं, फोडला की करवंटी. पोफळीचं तसंच. रोठा सुपारीला भाव आहे, तिच्या सालीला कोण विचारतो? सगळं न्हाणीच्या चुलीत जातं. पण या टाकाऊ मालाचा रंगीत पाण्याशी जुना संबंध आहे.

पूर्वी कापड रंगायचं ते नीळ, मंजिष्ठ, हळद, पळसाची फुलं यांनी. 1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा 18 वर्षांचा मुलगा हिवतापावरचं क्विनाइन प्रयोगशाळेत बनवू पाहत होता. क्विनाइन काही जमलं नाही, डांबरी मालातून जांभळा रंग मात्र हाती लागला. 1897 मध्ये जर्मनीतून कारखान्याची नीळ बाजारात आली आणि शेतातली नीळ बसली. हे रंग उन्हानं विटू नयेत, धुण्यानं जाऊ नयेत असेच बनवलेले. मग नदीत गेल्यावर तरी ते लवकर कसे कुजणार? पाणी गडद झालं की ऊन खाली पोचत नाही, पाण्यातल्या वनस्पती खुरटतात. काही रंग विषारीही असतात.

उपाय मात्र रंगांपेक्षा जुना. 1785 साली रशियात टोबियास लोवित्स यांना दिसलं की द्रावणात कोळसा घातला की त्याचा रंग उतरतो. पुढे साखरेचा पाक स्वच्छ करायला कोळसा आला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचावाच्या मुखवट्यांत करवंटीचा कोळसा भरत. करवंटी कमी हवेत जाळायची, मग 800 ते 1000 अंशांवर वाफ द्यायची. कोळशाला असंख्य बारीक छिद्रं पडतात. अशा एका ग्रॅम कोळशात आतला पृष्ठभाग दहा गुंठ्यांइतका भरू शकतो! रंगाचे कण त्यालाच चिकटतात. चुलीतला साधा कोळसा एवढं काम करत नाही.

हा कोळसा महाग, म्हणून स्वस्त मालाचा शोध सुरू झाला. 1976 मध्ये लाकडाच्या भुशावरचे प्रयोग छापून आले. 2002 मध्ये कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठातून काथ्याच्या भुशाच्या कोळशाचे निष्कर्ष आले. कच्चा भुसा काही रंग चांगले धरतो, पण सुती कापडाचे बरेच रंग त्याला दाद देत नाहीत. शिवाय सोडण स्वतःच पाण्यात तांबूस रंग सोडतं, आधी धुवावं लागतं. सोडण टाकलं की पाणी शुद्ध, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 साली आलं. तरीही 2017 च्या ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यात, तळोज्याला, कारखान्याच्या रंगानं कुत्री निळी झाली. तळोजा आपल्यापासून लांब, पण महाडची रासायनिक वसाहत सावित्रीकाठी आहे, आणि सावित्री समुद्राला मिळते ती हरिहरेश्वर-बाणकोटजवळ. रंग गाळण्याचं काम कारखान्याच्या दारातच व्हायला हवं. खाडीत मिसळल्यावर कुठलं सोडण पुरणार?

रंग शोषलेला भुसा किंवा कोळसा माडाच्या आळ्यात टाकू नये, चुलीतही घालू नये. रंग त्यातच असतो. विहिरीच्या पाण्यात रंग दिसला तर ते पिऊ नका, गुरांनाही पाजू नका. ग्रामपंचायतीला कळवून नमुना प्रयोगशाळेत पाठवा.