दोन सेंटची बचत आणि व्यासपीठावरच्या लीलावती



मागच्या महिन्यात तालुक्याला बचत गटांचा मेळावा झाला. आपल्या एका गटाच्या सचिव ताईंना व्यासपीठावर बोलावलं. अकरा वर्षं त्यांनी गटाचं दप्तर सांभाळलंय, एका रुपयाची चूक नाही. निवेदकाने माइक पुढे केला आणि विचारलं, "पूर्वी घरी किती हाल होते, ते सांगा." ताईंनी सांगितलं. टाळ्या पडल्या, शाल-नारळ मिळाला. परत येताना जीपमध्ये त्या मला म्हणाल्या, "ताई, त्यांनी माझी गरिबी विचारली. माझा हिशोब कुणी नाही विचारला."

ते बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. तेव्हा मला लीलावती सिंग आठवल्या. १९०० साली अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात ख्रिस्ती मिशनची मोठी परिषद भरली होती. लखनौहून गेलेल्या लीलावती तिथे बोलल्या आणि त्यांच्याही बाबतीत काहीसं असंच झालं. आज त्यांची गोष्ट सांगते. पण ती सुरू होते एका बचतीपासून, म्हणजे आपल्या ओळखीच्याच गोष्टीपासून.

साल १८६९, मार्च महिना. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात मेथडिस्ट पंथाच्या चर्चमध्ये बायकांची बैठक ठरली होती. त्या दिवशी वादळी पाऊस लागला आणि आल्या फक्त आठ जणी. भारतात राहून परतलेल्या मिशनऱ्यांच्या बायकांनी तिथे सांगितलं, की तिकडच्या पडद्यातल्या स्त्रियांपर्यंत पुरुष डॉक्टर किंवा पुरुष शिक्षक पोचूच शकत नाही. शिकवायला आणि औषध द्यायला बाईच पाठवावी लागेल. आठ जणींनी संस्था काढायचं ठरवलं. वर्गणी किती? आठवड्याला दोन सेंट. सेंट म्हणजे त्यांचा पैसा, शंभर सेंटचा एक डॉलर. वर्षाचे बावन्न आठवडे धरले, तर एका बाईचा साधारण एक डॉलर व्हायचा. आपल्या गटाचा हप्ता असतो, तसाच हा हप्ता.

त्यांना इझाबेला थोबर्न नावाची शिक्षिका भारतात पाठवायची होती, पण पैसे पुरेनात. तेव्हा एक सभासद म्हणाली, की आपण भारी कपडे सोडू आणि बोस्टनच्या रस्त्यावरून साध्या सुती कपड्यात फिरू, पण ही शिक्षिका गेलीच पाहिजे. १८७० च्या जानेवारीत इझाबेला थोबर्न आणि डॉक्टर क्लारा स्वेन भारतात पोचल्या. डॉक्टरबाई बरेलीला राहिल्या. थोबर्नबाईंनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये लखनौच्या अमीनाबाद बाजारात एका खोलीत शाळा काढली. ख्रिस्ती घरांतल्या सहा मुली आल्या. कुणी दंगा करू नये म्हणून दाराशी एक मुलगा काठी घेऊन उभा केला होता. सोळा-सतरा वर्षांत या शाळेला कॉलेजचे वर्ग जोडले गेले. आज ते इझाबेला थोबर्न कॉलेज म्हणून लखनौत उभं आहे.

आपल्या महाराष्ट्रातही अशा बचतीचा पैसा आलाय बरं का. पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या, तेव्हा १८८७ साली बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झालं. ठिकठिकाणी मंडळं निघाली आणि सभासदांनी दहा वर्षं दरवर्षी वर्गणी द्यायचं वचन दिलं. त्या बळावर रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. थेंबे थेंबे तळे साचे, ते असं.

आता लीलावतींकडे येऊ. त्यांचा जन्म १८६८ साली गोरखपूरला ख्रिस्ती घरात झाला. लहानपणी नाव होतं एथेल रॅफेल. पुढे ते इंग्रजी नाव सुटलं आणि त्या लीलावती सिंग झाल्या. लखनौत थोबर्नबाईंच्या हाताखाली त्या शिकल्या, पदवीधर झाल्या आणि त्याच कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवू लागल्या. त्या काळात आपल्याकडे मुलीने चौथी ओलांडणं ही सुद्धा गावभर बोलायची गोष्ट होती!

कॉलेजसाठी निधी हवा होता, म्हणून थोबर्नबाई त्यांना अमेरिकेला घेऊन गेल्या. २१ एप्रिल ते १ मे १९०० या दिवसांत न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये आणि आसपासच्या चर्चमध्ये ती परिषद चालली. देशोदेशी मिशनचं काम करणारे प्रतिनिधी आले होते. सगळ्या सभांची मिळून दीड लाखाहून जास्त हजेरी झाली, असं मानतात. स्वागताला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली स्वतः हजर होते. माजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन परिषदेचे मानद अध्यक्ष होते.

तेव्हा आपल्या देशात काय चाललं होतं? छप्पन्नचा दुष्काळ. गुजरात, राजस्थान, आपला महाराष्ट्र, सगळीकडे हाहाकार होता. अमेरिकेत दुष्काळासाठी वर्गणी गोळा होत होती, उपाशी माणसांची चित्रं छापून येत होती. म्हणजे तिथल्या लोकांच्या डोळ्यांपुढे भारतीय बाई होती ती हाडांचा सापळा झालेली, पदर पसरणारी. आणि त्या सभेत एकतीस वर्षांच्या लीलावती उभ्या राहिल्या आणि बोलल्या कशावर? भारतातल्या मुलींच्या उच्च शिक्षणावर. नुसतं अक्षरज्ञान देऊन थांबू नका, मुलींना कॉलेजपर्यंत शिकवा, हे त्यांचं मागणं होतं. ते मागणाऱ्या बाईने स्वतः ते शिक्षण घेतलं होतं आणि ती ते पुढच्या मुलींना देत होती.

त्यांचं भाषण ऐकून हॅरिसनसाहेब भारावून गेले. त्यांचं म्हणणं असं होतं, की मी मिशनच्या कामाला दहा लाख डॉलर दिले असते आणि त्यातून फक्त या एका बाईचं धर्मांतर झालं असतं, तरी माझा पैसा सार्थकी लागला असं मी समजलो असतो. हे बोलणं अमेरिकेत फार गाजलं आणि पुढेही कितीतरी वर्षं लोक ते सांगत राहिले.

मैत्रिणींनो, कौतुक मोठं आहे आणि माणूस मनापासून बोलला. पण आपण गटातल्या बाया, आपण जरा हिशोब मांडून बघू.

पहिली गोष्ट, पैशाची. त्या वेळी एका डॉलरला साधारण तीन रुपये पडत. म्हणजे दहा लाख डॉलरचे झाले तीस लाख रुपये. साहेब "दिले असते तर" म्हणाले. लखनौची शाळा मात्र ज्यांनी खरंच दिलं, त्यांच्यामुळे निघाली होती. आठवड्याला दोन सेंट बाजूला काढणाऱ्या आणि भारी कपड्यांचा मोह सोडणाऱ्या त्या बायका. दहा लाख डॉलर जमवायला अशा दहा लाख बायकांची वर्षभराची बचत लागली असती. गाजलेल्या वाक्यात त्यांचं नाव कुठेच नाही.

दुसरी गोष्ट, धर्मांतराची. लीलावती तर ख्रिस्ती घरातच जन्मल्या होत्या. त्यांना त्या व्यासपीठापर्यंत नेलं ते शिक्षणाने, आणि त्या बोलल्याही शिक्षणावरच. पण ऐकणाऱ्याने मोजलं ते वेगळंच. बोलणारी बाई आपल्या कामाचं सांगत होती आणि ऐकणारा तिच्यात आपल्या दानाचं फळ बघत होता. आपल्या सचिव ताईंचं दुखणं हेच, नाही का?

मदत करणाऱ्या त्या बायकांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्यामुळे शाळा झाली, दवाखाना झाला. तरी मदत घेणाऱ्या बाईकडे त्या कशा बघत होत्या, हे त्यांच्या मासिकाच्या नावात दिसतं. 'हीदन वुमन्स फ्रेंड' असं ते नाव होतं. खरा देव ठाऊक नसलेल्या बाईची मैत्रीण, असा त्याचा अर्थ. मैत्रीण म्हणायचं, पण आधी कमी लेखायचं! सत्तावीस वर्षांनी, १८९६ मध्ये, त्यांनीच ते नाव बदललं.

लीलावतींचं काम न्यूयॉर्कच्या टाळ्यांवर थांबलं नाही. १९०१ मध्ये थोबर्नबाई कॉलऱ्याने गेल्या. लीलावतींनी कॉलेजची मोठी जबाबदारी उचलली, त्या उपप्राचार्य होत्या. १९०७ साली टोकियोत ख्रिस्ती विद्यार्थी संघटनांची जागतिक परिषद झाली, तिथेही त्या होत्या. पुन्हा कामासाठी अमेरिकेला गेलेल्या असताना मे १९०९ मध्ये शिकागोत त्यांचं निधन झालं. वय अवघं चाळीस.

पुढच्याच वर्षी, जून १९१० मध्ये, स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरात जागतिक मिशनरी परिषद भरली. सुमारे बाराशे प्रतिनिधी होते आणि त्यात आशियातले वीसही नव्हते. तिथे दक्षिण भारतातले व्ही. एस. अझरिया उभे राहिले. त्यांनी सांगितलं, की तुम्ही गरिबांना धन दिलंत, देहही झिजवलात, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण आम्हाला प्रेम हवं, मित्र हवेत. सभेतल्या कितीतरी जणांना ते बोलणं झोंबलं. हेच अझरिया दोन वर्षांनी दोर्नाकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. लीलावती तेव्हा असत्या, तर त्यांना या बोलण्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नसता.

ही गोष्ट मी गेल्या मासिक बैठकीत सांगितली. सचिव ताई शांत बसून ऐकत होत्या. मग त्यांनी दप्तर उघडलं आणि म्हणाल्या, "ठराव लिहा." ठराव असा झाला: यापुढे मेळाव्याला गटातून कोण बोलणार आणि कशावर बोलणार, हे गट ठरवेल आणि बोलावणाऱ्यांना आधी कळवेल. पुढच्या वेळी आमच्या सचिव ताई बोलणार आहेत. विषय आहे, "अकरा वर्षांचं दप्तर चुकीशिवाय कसं ठेवलं."

तुमच्या गटात अशी कोण आहे, आणि तिला कशावर बोलायचं आहे? येत्या बैठकीत तिला विचारा आणि इतिवृत्तात लिहून ठेवा.