मेंढा (लेखा) : नियम गावाचे, संमती सर्वांची

शहरातील सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा कशी पार पडते, हे बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. गणसंख्या भरत नाही, सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग हजर असतील तेवढ्या सभासदांत सारे विषय मंजूर होतात. नियमपुस्तिका कपाटात राहते. वाहनतळ, पाणी आणि देखभाल खर्चाचे वाद जिन्यात सुरू राहतात. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मात्र असे एक गाव आहे, जेथे बहुमताने ठराव करण्याची पद्धतच नाही. सर्वांची संमती होईपर्यंत चर्चा चालते, आणि ती झाली की नियम लागू होतो. मेंढा (लेखा) हे ते गाव. एका लहान वस्तीने आपले नियम स्वतः करायचे ठरवले तर काय साधते आणि त्याची काय किंमत मोजावी लागते, हे पाहण्यासाठी देशभरातून अभ्यासक येथे येत आले आहेत.

गाव आणि पार्श्वभूमी

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धानोऱ्याच्या अलीकडे सुमारे तीन किलोमीटरवर मेंढा लागते. जवळून कठाणी नदी वाहते. गाव गोंड आदिवासींचे असून लोकसंख्या पाचशेच्या आसपास आहे. लेखा गट ग्रामपंचायतीतील गाव म्हणून 'मेंढा (लेखा)' हे नाव रूढ झाले. घरे आणि शेती थोडी, जंगल फार, अशी येथील भूमीची विभागणी आहे. मोहफुले, चारोळी, हिरडा, तेंदूपाने, मध आणि बांबू यांवर गावाचे वर्ष निघते. साहजिकच जंगल कोणाचे आणि ते कोणत्या नियमाने वापरायचे, हाच येथील सार्वजनिक जीवनाचा मुख्य प्रश्न राहिला.

गोदावरीवरील इचमपल्ली आणि इंद्रावतीवरील भोपालपट्टणम या धरणांच्या योजनांना ऐंशीच्या दशकात या भागातून मोठा विरोध झाला. लालश्याम शाह आणि बाबा आमटे यांचा त्यात पुढाकार होता. 'जंगल बचाव, मानव बचाव' या आंदोलनातून आदिवासी गावांत स्वशासनाचा विचार रुजला. मेंढ्याचे देवाजी तोफा त्याच काळात पुढे आले. 'वृक्षमित्र' या संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल हे सर्वसहमतीने निर्णय घेणाऱ्या गावाच्या शोधात होते. त्यांची आणि मेंढ्याची गाठ पडली, ती कायमची. २०२५ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा मेंढ्याने दिली आणि 'मावा नाटे मावा राज' या गोंडी शब्दांत ती सर्वत्र पोहोचली.

चर्चा वेगळी, निर्णय वेगळा

मेंढ्याच्या व्यवस्थेचे दोन खांब आहेत : ग्रामसभा आणि अभ्यासगट. निर्णय घेण्याचा अधिकार केवळ ग्रामसभेला आहे. गावातील सर्व प्रौढ स्त्री-पुरुष तिचे सदस्य असतात. अभ्यासगटाला कोणताही निर्णय घेता येत नाही. विषय समजून घेणे एवढेच त्याचे काम. कायद्याची कलमे, सरकारी योजना, वनखात्याचा आराखडा, बांबूचे दर असे विषय तेथे मांडले जातात. बाहेरच्या जाणकारांना आणि कार्यकर्त्यांनाही तेथे बोलता येते. ग्रामसभेत मात्र निर्णय गावकऱ्यांचाच.

ही विभागणी वरकरणी साधी वाटते. परंतु बहुतेक सभा जेथे फसतात, नेमकी तीच जागा तिने सांभाळली आहे. माहिती आणि मतदान एकाच तासात उरकले जाते तेव्हा ज्याला विषय आधी कळलेला असतो, त्याचेच म्हणणे चालते. मेंढ्यात विषय आधी कळतो, मग घराघरांत बोलला जातो आणि नंतर निर्णयाला येतो. निर्णयाला वेळ लागतो, हे खरे. मात्र अल्पमतात पडून रुसलेला गट मागे उरत नाही आणि नियम पाळून घेण्यासाठी फारसा बंदोबस्त करावा लागत नाही.

दारूबंदी हे याचे ठळक उदाहरण. गोंड समाजाच्या देवकार्यात मोहाच्या दारूला स्थान असल्याने प्रश्न नाजूक होता. एका बैठकीत ठराव करून तो सुटला नाही. प्रदीर्घ चर्चेनंतर, स्त्रियांचे म्हणणे पुरते ऐकून घेतल्यावर गाव एकमतावर आले. १९९३ पासून गडचिरोली जिल्ह्यात शासकीय दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये बंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये ती उठवण्यात आली. जिल्ह्याचा नियम सरकार बदलले की बदलू शकतो. गावाने स्वतः केलेला नियम बदलायचा तर पुन्हा त्याच सर्वांसमोर बसावे लागते.

जंगलाचे नियम

जंगलाबाबत गावाने केलेले नियम मोजके आणि स्पष्ट आहेत. जंगलाला आग लावायची नाही. जंगलजमिनीवर अतिक्रमण करायचे नाही. फळझाडे तोडायची नाहीत. घरगुती गरजेपुरते लाकूडफाटा आणि बांबू घ्यायचा. त्यासाठी कोणाला लाच द्यायची नाही. बाहेरच्या कोणालाही ग्रामसभेच्या परवानगीवाचून जंगलातून काही नेता येणार नाही. नेताना सापडल्यास माल जप्त करून गाव दंड ठरवेल. मध काढताना पोळे जाळायचे नाही. जंगलाची राखण गावकऱ्यांनीच करायची. रोजगाराच्या कमाईतील ठरलेला हिस्सा ग्रामकोशात जमा करण्याची पद्धतही गावाने पाडली, त्यामुळे अडीअडचणीला सावकाराकडे जाण्याची वेळ कमी झाली.

हे नियम केले गेले तेव्हा त्यांना कायद्याचा आधार जवळजवळ नव्हता. कागद कारखान्याला बांबूतोडीचे दीर्घ मुदतीचे हक्क शासनाने दिले होते. संयुक्त वनव्यवस्थापनाची योजना मुख्यतः उजाड वनांसाठी होती. आपले उभे, दाट जंगलही या योजनेत घ्यावे, असा आग्रह मेंढ्याने धरला आणि नव्वदच्या दशकात तो मान्य करवून घेतला.

कायदा गावाच्या मागून आला

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि साधनसंपत्ती जपण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्काची वाट मोकळी केली. त्यानुसार २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते. सामूहिक मालमत्तेचा कारभार लोक स्वतः चांगला करू शकतात, हे दाखवून देणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले तेही याच वर्षी. ज्यांना नियम पाळायचे आहेत त्यांना ते बनवण्यात आणि बदलण्यात वाटा हवा, हे त्यांच्या मांडणीतील एक प्रमुख तत्त्व. मेंढ्याने ते वीस वर्षे आधीपासून आचरणात आणले होते.

हक्क कागदावर आला तरी बांबू गावाबाहेर नेता येईना. वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती होता आणि १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या व्याख्येनुसार बांबू 'झाड' ठरत होता. वनहक्क कायदा मात्र त्याला गौण वनोपज मानतो. हा पेच अखेर केंद्रापर्यंत गेला. तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत २७ एप्रिल २०११ रोजी मेंढ्याच्या ग्रामसभेकडे वाहतूक परवान्याचे पुस्तक सुपूर्द करण्यात आले. आपल्या जंगलातील बांबू स्वतः निविदा काढून विकण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. वनक्षेत्राबाहेरील बांबूला 'झाडा'च्या व्याख्येतून वगळण्याची दुरुस्ती संसदेने २०१७ मध्ये केली.

जमिनीचा निर्णय

यापुढचे पाऊल अधिक अवघड होते. २०१३ मध्ये गावातील सर्व जमीनधारकांनी आपली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीचा आरंभ १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे झाला. पुढे तिच्यातून ग्रामदानाची कल्पना निघाली आणि महाराष्ट्रात १९६४ मध्ये ग्रामदान कायदा झाला. या व्यवस्थेत मालकी गावाची होते, जमिनीचा विसावा हिस्सा भूमिहीनांना दिला जातो आणि उरलेली जमीन मूळ कुटुंबच कसत राहते. ती बाहेरच्याला परस्पर विकता येत नाही. जंगल हाती आले तरी शेती एकेक करून विकली गेली तर गाव राहणार नाही, या जाणिवेचा हा निर्णय होता.

शासकीय पूर्ततेला मात्र वर्षांमागून वर्षे लागली आणि गावाला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाद मागावी लागली. ज्या कायद्याचा वापर दीर्घकाळ कोणी केला नव्हता, तो वापरू पाहणाऱ्या गावासमोर यंत्रणाच अडखळली. सर्वांची संमती मिळवणे गावाच्या हाती होते. सरकारदरबारची संमती त्याच्या हाती नव्हती.

पाचगावचे उदाहरण

मेंढा हा अपवाद मानून सोडून देता येणार नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. त्याला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावकऱ्यांनी एकत्र बसून शंभराहून अधिक नियम लिहून काढले. तेंदूपानांसाठी झाडे छाटली जातात आणि जंगलाला आगी लावल्या जातात, म्हणून पाने तोडणेच बंद करण्याचे त्यांनी ठरवले. तेंदू हे हातात रोख पैसा आणणारे पीक. ते सोडणे म्हणजे उन्हाळ्यातील मिळकतीवर पाणी सोडणे. बांबूच्या उत्पन्नाने ती तूट भरून काढता येईल असा हिशेब गावाने मांडला. नियम कोणी लादला असता तर हा तोटा लोकांनी सोसला असता, असे वाटत नाही.

शहराने काय घ्यावे

या पद्धतीला मर्यादा आहेत. पाचशे वस्तीचे, एका समाजाचे, एकाच जंगलावर जगणारे गाव आणि तीनशे सदनिकांचे संकुल यांची सरळ तुलना होत नाही. सर्वसहमतीत एखाद्याचा हट्ट सर्वांना अडवू शकतो; तातडीच्या प्रश्नात विलंब महाग पडतो. शिवाय मेंढ्याला चार दशके सोबत करणारे कार्यकर्ते लाभले, ते प्रत्येक गावाला मिळतील असे नाही.

तरीही आकडे बोलके आहेत. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेच्या गणसंख्येसाठी दोनतृतीयांश किंवा वीस, यांतील कमी असेल तेवढे सभासद पुरतात. वनहक्क कायद्याच्या नियमांनुसार ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि उपस्थितांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे जंगलातील गावावर कायद्याने घातलेली अट शहरातील संकुलापेक्षा कडक आहे, आणि मेंढ्याने स्वतःवर घातलेली त्याहूनही कडक.

विषय सभेच्या आधी समजावून सांगणे, चर्चेची बैठक आणि निर्णयाची बैठक वेगळी ठेवणे, विरोध करणाऱ्याचे म्हणणे ऐकून मगच ठराव लिहिणे, या तीन गोष्टींना पैसा लागत नाही आणि कायद्यात बदलही लागत नाही. त्यांना वेळ लागतो. मेंढ्याने तो दिला, म्हणून तेथील नियम कपाटात न राहता जंगलात पाळले जातात.