‘अंधाराचा राजकुमार’: ब्रिटिश मोटारसायकलींचे दिवे का विझत?

१/ जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींच्या जगात एक विनोद पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. विद्युत उपकरणे पुरवणाऱ्या ‘लुकास’ कंपनीच्या संस्थापकाला त्यात ‘अंधाराचा राजकुमार’ ही पदवी बहाल केलेली आहे. वाटेत दिवा विझला किंवा इंजिन अडखळले, की आरोपी ठरलेला. मात्र या गाड्यांमधील एकेक तार तपासत गेले, तर हा निकाल पुरता टिकत नाही. #थ्रेड

२/ जोसेफ लुकास हा बर्मिंगहॅमचा. १८६० च्या दशकात तो हातगाडीवरून रॉकेल विकत असे. पुढे त्याने दिवे बनवायला घेतले. १८८० च्या सुमारास त्याचा सायकलचा दिवा ‘किंग ऑफ द रोड’, म्हणजे ‘रस्त्याचा राजा’, या नावाने गाजला. ज्या मोटारसायकलींवरून त्याची थट्टा होते, त्या घडण्याच्या कितीतरी आधी, १९०२ मध्ये, त्याचे निधन झाले होते.

३/ त्याच १९०२ मध्ये जर्मनीतील बॉश कंपनीच्या गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. इंजिनाच्याच फिरण्यातून ठिणगी निर्माण करणारे हे यंत्र ब्रिटन प्रामुख्याने जर्मनीकडून घेत असे. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि हा पुरवठा तुटला. त्याच वर्षी लुकासने थॉमसन-बेनेट ही मॅग्नेटो बनवणारी कंपनी विकत घेतली. दिव्यांची कंपनी ठिणगीच्या व्यवसायात उतरली ती अशी.

४/ मॅग्नेटोला बॅटरी लागत नसे. दिवा गेला तरी इंजिन चालत राही, चालक अंधारात का होईना घरी पोहोचे. त्याचा नेहमीचा आजार वेगळा होता: थंड इंजिन पहिल्या किकला सुरू होई, पण तापल्यावर बंद केले की पुन्हा दाद देत नसे. अशा वेळी संशय आतील कंडेन्सरवर किंवा गुंडाळीच्या इन्सुलेशनवर जाई. उष्णतेने दोन्ही कमकुवत होत.

५/ १९५३ मध्ये ट्रायम्फने ‘स्पीड ट्विन’वर लुकासचा अल्टरनेटर आणि कॉइल इग्निशन बसवले. फिरणारे भाग कमी झाले, पण आता ठिणगीही बॅटरीवर अवलंबून राहिली. म्हणूनच स्विचवर ‘इमर्जन्सी’ अशी एक जागा ठेवावी लागली: बॅटरी उतरली तर अल्टरनेटरचा प्रवाह थेट ठिणगीकडे वळवण्यासाठी.

६/ ६ व्होल्टच्या या व्यवस्थेत चार्जिंगवर खरे नियंत्रण नव्हते. दिवा लावला की स्विच अल्टरनेटरच्या आणखी गुंडाळ्या जोडून घेई, एवढेच. १९६० च्या दशकाच्या मध्यास १२ व्होल्ट आले आणि सोबत झेनर डायोड आला. जादा वीज तो उष्णतेत बदलून टाकी. पण त्याचाच अर्थ ढिला असला, तर तो ही वीज वाहून नेऊ शकत नसे आणि बॅटरी अतिचार्ज होऊन उकळे. दोष एका नटाचा, नाव मात्र बॅटरीचे खराब!

७/ ‘अर्थ’ हा गॅरेजमधला नित्याचा शब्द. विजेला जायला एक वाट लागते, तशी परतायलाही लागते. या गाड्यांत परतीच्या प्रवासासाठी बहुतेक ठिकाणी वेगळी तार नसे. लोखंडी फ्रेमच ते काम करी. हेडलाइटचा परतीचा प्रवाह अनेक मॉडेल्समध्ये हँडलच्या बेअरिंगमधून जाई. त्या बेअरिंगला भरपूर ग्रीस लावणारा काळजीवाहू मालक नकळत स्वतःच्याच दिव्याची वाट अडवत असे.

८/ शिवाय युद्धोत्तर ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक फ्रेमला जोडलेले असे. आजच्या वाहनांत ऋण टोक असते. सवयीने कोणी बॅटरी उलटी जोडली, की रेक्टिफायर जळालाच. जुन्या गाडीची तपासणी स्पॅनर हाती घेण्याआधी या एका प्रश्नापासून सुरू होते, ती यामुळेच.

९/ दुसरा आरोपी इंजिन. १९३७ मध्ये एडवर्ड टर्नरने घडवलेल्या ‘स्पीड ट्विन’चे दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर-खाली जात. हीच मांडणी पुढे ५०० सीसीवरून ६५० आणि ७५० पर्यंत ताणली गेली, तशी थरथरही वाढली. बल्बची तार तुटे, बॅटरीच्या पट्ट्या झडत, वायर वरून अखंड आणि आतून तुटलेली असे. हे इंजिन लुकासने बनवलेले नव्हते.

१०/ दोष शोधण्याची जुनी शिस्त म्हणूनच साधी आहे. आधी बॅटरी, मग फ्यूज, मग अर्थ, मग रबरी नळीत दडलेले पितळी जोड, त्यानंतर स्विच, आणि सर्वांत शेवटी महागडे भाग. दिवा चालू ठेवून व्होल्टमीटरचे एक टोक बल्बच्या धातूच्या अंगाला आणि दुसरे बॅटरीच्या अर्थ टोकाला लावावे. काटा लक्षणीय हलला, तर परतीची वाट खराब आहे. ६ व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट वाटेत हरवणे म्हणजे बारावा हिस्सा गमावणे.

११/ मग लुकास निर्दोष? तसेही नाही. ब्रिटिश वाहनांच्या विद्युत उपकरणांत या कंपनीचे वर्चस्व इतके होते, की मक्तेदारी आयोगाने या पुरवठ्याची चौकशी करून १९६३ मध्ये अहवाल दिला. गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार नाही याची खात्री असली, की सुधारणेची निकड उरत नाही. दुसरीकडे गाडी बनवणारे कारखाने खर्चाला कात्री लावत होते. ‘अर्थ’ कच्चा राहिला, त्यामागे अर्थकारणही होते.

१२/ १९६९ मध्ये होंडाची सीबी ७५० बाजारात आली: चार सिलिंडर आणि बटण दाबताच सुरू होणारे इंजिन. ब्रिटिश नॉर्टन ‘कमांडो’ला इलेक्ट्रिक स्टार्टर मिळाला तो १९७५ मध्ये, आणि तोही एकट्याने इंजिन फिरवायला अनेकदा अपुरा पडे. तोवर बीएसए-ट्रायम्फ कोसळली होती. विनोद उरला, कारखाने गेले.

१३/ या परंपरेची एक शाखा भारतात जगली. १९५५ मध्ये मद्रासला रॉयल एनफिल्डची ‘बुलेट’ आली, १९६१ मध्ये लुकास-टीव्हीएस उभी राहिली. जुन्या बुलेटच्या हेडलाइटवरचा ॲमीटर हे तर चालकाचे निदानयंत्रच. कॉन्टॅक्ट पॉइंट मिटले की काटा ‘डिस्चार्ज’कडे झुके, उघडले की मध्यावर येई. काटा मध्यावर आला की डिकॉम्प्रेसर दाबून पिस्टन थोडा पुढे सरकवायचा आणि मग किक मारायची.

१४/ किक हळू फिरवताना काटा हललाच नाही, तर प्रवाह पॉइंटपर्यंत पोहोचत नाही: बॅटरी, फ्यूज, स्विच पाहा. काटा एकाच बाजूला खिळून राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत. हे ज्ञान पुस्तकांपेक्षा मेकॅनिकच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरांनी अधिक जपले.

१५/ आज जुन्या गाड्या पूर्ववत करणारे कारागीर बहुधा एक छोटे काम आवर्जून करतात: हेडलाइटपासून बॅटरीपर्यंत परतीची एक स्वतंत्र तार ओढतात. खर्च किरकोळ. त्यानंतर तोच जुना लुकासचा दिवा पूर्ण तेजाने पेटतो. त्याला इतकी वर्षे हवी होती ती एवढी एकच तार.