गोदेच्या माशांची गणती

छत्रपती संभाजीनगरहून बीडला जाणारी एसटी शहागडला गोदावरी ओलांडते. खिडकीपाशी बसलेला प्रवासी नदीकडे हात जोडतो, कुणी नाणे टाकतो. पाणी किती आहे याची चर्चा होते, जायकवाडीतून सोडले की नाही याचीही होते. पाण्यात काय आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. ते ठाऊक असते ते काठावर जाळे वाळत घालणाऱ्या भोयाला. आज बोलायचे आहे ते त्याच्या ज्ञानाविषयी आणि ते कागदावर कसे उतरले याविषयी.

ही गोष्ट पेशवाई बुडाल्यानंतर थोड्याच वर्षांत सुरू होते. विल्यम हेन्री साईक्स हा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. 1817 मध्ये खडकीच्या लढाईत तो इंग्रजांच्या बाजूने लढला होता. 1824 मध्ये मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. गावे, शेतसारा, पिके, पाऊसपाणी यांची मोजदाद करता करता साईक्स पक्षी, प्राणी आणि मासेही टिपू लागला. मुळा-मुठा, घोड, भीमा या नद्यांतले मासे समोर ठेवून त्याने त्यांची चित्रे काढवून घेतली. 1831 मध्ये तो मायदेशी परतला आणि दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध 1839 च्या सुमारास लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेकडून प्रसिद्ध झाला. त्यात चाळीसहून अधिक जातींची वर्णने होती. त्यांतल्या अनेक जाती शास्त्राला नव्या होत्या.

या निबंधातली आपल्या दृष्टीने मोलाची गोष्ट म्हणजे माशांची नावे. नव्या जातीला नाव देताना काही ठिकाणी साईक्सने इंग्रज मित्रांची नावे वापरली, पण पुष्कळ ठिकाणी त्याने कोळ्या-भोयांच्या तोंडचेच नाव उचलले. शिंगटी हा मासा शास्त्रात ‘सींगटी’ झाला, शिंगाळा ‘सींगाला’ झाला, घोगरा ‘गोगरा’ झाला. दख्खनचा महसीर ‘खुद्री’ झाला. ‘रोहटी’ हे तर एका संपूर्ण प्रजातीचे नाव बनले. ही नावे आजही जगभरच्या ग्रंथांत तशीच आहेत. ज्यांनी ती सांगितली त्या माणसांची नावे मात्र कुठे नाहीत.

पुढे ही वाट मराठी शास्त्रज्ञांनीही धरली. 1952 मध्ये चं. वि. कुलकर्णी यांनी कृष्णेच्या खोऱ्यातल्या, दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खाणाऱ्या एका माशाचे वर्णन केले आणि त्याला नाव दिले ‘खवलचोर’. या नावाचे भाषांतर करण्याची गरजच नाही.

साईक्सच्या कामात उणिवाही होत्या. त्याने वर्णिलेल्या बऱ्याच माशांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत, त्यामुळे नुसत्या वर्णनावरून आणि चित्रावरून मासा ओळखताना पुढच्या अभ्यासकांचे वाद झाले. फ्रान्सिस डे याने 1875 ते 1878 या काळात भारतातल्या माशांवर मोठा ग्रंथ सिद्ध केला आणि साईक्सची यादी पुन्हा तपासली. 1930 च्या दशकात सुंदरलाल होरा आणि मिश्र यांनी गोदेच्या वरच्या अंगाला, नाशिकजवळच्या देवळालीच्या माशांवर लेख लिहिले. शहागड तेव्हा निजामाच्या मुलखात होते. त्या हैदराबाद संस्थानातही 1940 च्या दशकात रहीमुल्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांची पाहणी करून ती लेखमालेच्या रूपाने प्रसिद्ध केली.

मात्र या साऱ्या याद्या होत्या. यादी सांगते, अमुक मासा इथे आहे. तो किती आहे, वाढतो आहे की घटतो आहे, हे यादी सांगत नाही. गावात कोणकोणती आडनावे आहेत हे लिहिणे वेगळे आणि खानेसुमारी करणे वेगळे.

माशांची खानेसुमारी कशी करतात? नदीतले सगळे मासे कुणीच मोजू शकत नाही. म्हणून जागा ठरवायची, जाळे ठरवायचे, वेळ ठरवायची आणि तीच जागा, तेच जाळे, तीच वेळ वर्षानुवर्षे सोडायची नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये नॅरागॅन्सेट नावाची उथळ खाडी आहे. तिच्या काठी बंदरे आहेत, शहरे आहेत. तिथल्या विद्यापीठाची होडी 1959 पासून दर आठवड्याला ठरलेल्या दोन ठिकाणी जाळे ओढते आणि जे सापडेल ते मोजते. काम कंटाळवाणे खरे, पण त्यातूनच कळले की तळाशी राहणारे थंड पाण्यातले मासे घटत गेले आणि माकूळ, खेकडे यांचे प्रमाण वाढले. एका वर्षाच्या मोजणीतून हे कधीच दिसले नसते.

आता शहागडच्या पुलावर परत येऊ. 1976 मध्ये पैठणला जायकवाडीचे धरण पूर्ण झाले. मराठवाड्याच्या कोरड्या शिवारात पाणी आले, हे उपकार कुणी नाकारणार नाही. पण नदीचे वागणे बदलले. पुराचे पाणी पाहून वर चढणाऱ्या माशांची वाट अडली. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांतले मासे बीज सोडून वाढवले गेले. 1952 मध्ये भारतात आलेला, मूळचा आफ्रिकेतला तिलापिया आपल्या तळ्या-नद्यांत पसरला. अलीकडे आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी इथे बंधारे झाले. आणि वाळूचा उपसा झाला की नाहीसे होते ते उथळ पाणी, जिथे माशांची पिले वाढतात. डोह मोठ्या माशाचा, उथळ पाणी पिलांचे, हे भोयाला शिकवावे लागत नाही.

या बदलांत कोणता मासा किती घटला, हे सांगायला नियमित मोजणी हवी. तिला आगबोट लागत नाही. जवळच्या महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभाग, दोन अनुभवी भोई, एक फेकजाळे, मोजपट्टी, काटा आणि एक वही पुरे. महिन्यातून एकदा, ठरल्या जागी, ठरलेल्या वेळा जाळे टाकावे. मासा मोजावा, त्याचे स्थानिक नाव लिहावे आणि शक्य तितके मासे जिवंत सोडून द्यावेत. वहीत तारीख, पाण्याची पातळी आणि नाव सांगणाऱ्याचे नावही लिहावे. साईक्सकडून नेमके तेच राहून गेले होते.

शिंगटी, घोगरा, रोहटी हे शब्द लंडनच्या ग्रंथात जपले गेले. ते मासे जपायचे असतील तर मोजणी मात्र इथेच, शहागडच्या पुलाखाली व्हायला हवी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)