काम वा चुंग वास्तू
काम वा चुंग वास्तू : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ऑरेगन राज्याच्या पूर्व भागात जॉन डे या गावी असलेली चिनी दुकानाची ऐतिहासिक इमारत व संग्रहालय. ‘समृद्धीचे सुवर्णपुष्प’ अशा आशयाचे हे नाव मूळचे येथील व्यापारी पेढीचे होय. १८६२ मध्ये नजीकच्या कॅन्यन सिटी परिसरात सोने सापडल्यावर या खोऱ्यात खाणकामगारांची रीघ लागली. त्यांत दक्षिण चीनमधून आलेल्या मजुरांचा भरणा मोठा होता. प्रस्तुत इमारत १८६०–८० या काळात बांधण्यात आली.

वास्तुरचना : मूळ इमारत लहान व ठेंगणी असून तिच्या जाड भिंती ज्वालामुखी राखेपासून बनलेल्या स्थानिक दगडाच्या आहेत. वरचा अर्धमजला लाकडी असून छप्पर उतरते आहे. खिडक्या मोजक्याच व लहान आहेत. दाराला धातूचे पत्रे जडविलेले असून त्यावर बंदुकीच्या गोळ्यांच्या खुणा दिसतात. वक्राकार छपरे, रंगीत कोरीवकाम यांसारखी चिनी वास्तुशैलीची लक्षणे बाह्यांगात आढळत नाहीत. याउलट अंतर्भागाची मांडणी पूर्णतः चिनी वहिवाटीस अनुसरून आहे. दुकान, औषधी वनस्पतींची खोली, देवघर, स्वयंपाकघर व झोपण्याच्या फळ्या हे सर्व अंधाऱ्या, अपुऱ्या जागेत दाटीने बसविलेले असून धूप व चुलीच्या धुराने आतील लाकूडकाम काळवंडलेले आहे.

या रचनेमागील कारणे तत्कालीन सामाजिक परिस्थितीत शोधावी लागतात. १८५९ पासून अंमलात आलेल्या ऑरेगनच्या राज्यघटनेने नंतर येणाऱ्या चिनी लोकांना स्थावर मालमत्ता व खाणीचे हक्क धारण करण्यास मनाई केली होती. १८८२ च्या संघीय कायद्याने चिनी मजुरांच्या प्रवेशावर बंदी घातली व ती १९४३ पर्यंत टिकली. अशा काळात एकच इमारत दुकान, टपालाचे ठिकाण, धर्मस्थान, निवारा आणि प्रसंगी गढी अशी अनेक कामे करीत असे.

१८८७ च्या सुमारास इंग हे व लुंग ऑन यांनी भागीदारीत ही पेढी चालविण्यास घेतली. इंग्रजी जाणणारा लुंग ऑन व्यापार, पत्रलेखन व दुभाष्याचे काम पाही. इंग हे नाडीपरीक्षा करून वनौषधी देई. कालांतराने चिनी वस्ती ओसरली, तरी इंग हेकडे गोऱ्या रुग्णांची ये-जा वाढत गेली. ज्या दारावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच दारातून शेजारचे गोरे पशुपालक व त्यांची कुटुंबे औषधासाठी आत येऊ लागली. त्यांनी दिलेले, परंतु न वटविलेले हजारो डॉलरचे धनादेश पुढे त्याच्या बिछान्याखाली आढळले.

लुंग ऑन १९४० मध्ये मरण पावला. वृद्धापकाळामुळे इंग हेने १९४८ मध्ये गाव सोडले व इमारतीस कुलूप लागले. १९५२ मध्ये त्याचे निधन झाले. १९५५ मध्ये त्याच्या वारसाने संग्रहालय करण्याच्या अटीवर ही वास्तू नगराकडे सोपविली. पण पुढे या देणगीचा नगरालाच विसर पडला आणि १९६७ मध्ये तिचा पुन्हा शोध लागला. या विस्मरणामुळेच पाचशेहून अधिक औषधी द्रव्ये, मालाचे डबे, पत्रे व हिशेबाच्या वह्या जागच्या जागी सुरक्षित राहिल्या. १९७३ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत तिचा समावेश झाला. त्यानंतर डागडुजी करून ती प्रेक्षकांना खुली करण्यात आली आणि २००५ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. वास्तुशिल्पाच्या दृष्टीने सामान्य असलेली ही इमारत अमेरिकेतील चिनी स्थलांतरितांच्या दैनंदिन जीवनाचे एक विश्वसनीय साधन मानली जाते.