रताळ्याचे गोत्र

आमच्या बारामती-इंदापूरकडे एकादशीला विठोबाच्या खालोखाल मान रताळ्याला. तुकोबांची पालखी याच वाटेने पंढरीला जाते. पण या सोवळ्या कंदाचे गोत्र काढायला गेलो, तर स्वारी निघाली चक्क अमेरिकेची! कोलंबस तिकडे पोचला 1492 साली आणि पुढे पोर्तुगीजांच्या गलबतांतून रताळे आपल्याकडे उतरले. म्हणजे 1296 साली ज्ञानोबांनी समाधी घेतली, ती रताळ्याची चवही न पाहता. आता बोला!

नावाची भानगड तर आणखी न्यारी. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक रताळ्यालाच 'बटाटा' म्हणत. पोर्तुगीजांनी कंदाबरोबर शब्दही आणला. मागाहून खरा बटाटा आला आणि बिऱ्हाडकरूने घरमालकाच्या दारावर आपली पाटी लावावी, तसे ते नाव बळकावून बसला. रताळ्याला मग संस्कृतातल्या 'रक्तालु' या जुन्या लाल कंदाचे नाव मिळाले. मुंज झाली म्हणा ना!

हवाई बेटांवर असली बेबंदशाही नाही. तिथे रताळे म्हणजे 'उआला'. मागाहून आलेला बटाटा 'उआला काहिकी', म्हणजे परदेशी रताळे. पाहुण्याने पाहुण्यासारखेच राहावे! मासळीचेही तसेच. एकच मासा मध्यम असताना 'अमाअमा', मोठा झाला की 'अनाए'. आपण नाही का गोऱ्हा, खोंड, बैल म्हणत? ज्याचे त्यावर पोट, त्याच्याजवळ त्याचे शब्द.

आमच्याकडे मासळीचे शब्द वाढले ते 1980 साली उजनी धरण पुरे झाल्यावर. भीमेचे पाणी इंदापूर तालुक्यात पसरले आणि भिगवणच्या बाजारात रोहू, कटला यांच्या पंक्तीला चिलापी येऊन बसली. ही मूळची आफ्रिकेची. भारतात आली 1952 साली. शास्त्रज्ञांनी तिला 'टिलापिया' म्हटले, ते तिकडच्या त्स्वाना भाषेतल्या शब्दावरून. त्या शब्दाचा अर्थ काय? मासा! म्हणजे आपण ऐटीत 'चिलापी मासा' मागतो, तेव्हा 'मासा मासा' म्हणत असतो.

याच पाण्याने जुने पळसदेव गिळले. माणसे वर सरकली, नव्या घरांच्या गावालाही त्यांनी पळसदेवच म्हटले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुने देऊळ डोके वर काढते आणि म्हातारी माणसे बोट दाखवून सांगतात, "ते बघा, आमचं गाव." बटाट्याने दुसऱ्याचे नाव घेतले, तरी त्याला जमीन मिळाली. यांची जमीन पाण्याखाली गेली. नाव तेवढे त्यांनी हातचे सोडले नाही.