काढून टाकलेलं भूत

भुताची नोकरी जाते का हो कधी? माणसांची जाते, ते आपण बघतोच. पण एका भुताचीही गेली होती, आणि तीही कामावर रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत. कारण काय, तर काम नीट जमत नव्हतं. मग पंचेचाळीसहून जास्त वर्षांनी त्याला मानाने परत बोलावलं. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे. गोष्ट भुताची असली तरी घाबरायचं कारण नाही, कारण खरं म्हणजे ही इतिहासाची गोष्ट आहे.

कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइम इथे डिस्नेलँड आहे. अमेरिकेत मुलांकडे आलेले आपले आईबाबा लॉस एंजेलिसकडे गेले, की त्यांच्या यादीत ते असतंच. तिथे 'हाँटेड मॅन्शन' नावाची राईड आहे, म्हणजे भुताचा वाडा. 'डूम बग्गी' नावाच्या काळ्या, शिंपल्यासारख्या गाडीत बसायचं. गाडी वाड्यातून हळूहळू फिरते आणि जिथे बघायचं तिकडे स्वतःच तोंड वळवते. आत ९९९ भुतं राहतात आणि आणखी एकाची जागा रिकामी आहे, असं पाहुण्यांना सांगतात. (ती जागा कोणासाठी, हे कळायला फार डोकं लागत नाही!)

हा वाडा बाहेरून बांधून तयार झाला १९६३ मध्ये. पण आत काहीच नव्हतं. दाराशी पाटी लावलेली, की निवृत्त भुतांनी इथे राहायला यावं. लोक यायचे, पाटी वाचायचे, हसायचे आणि पुढे जायचे. मधल्या काळात डिस्नेची माणसं १९६४-६५ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनाच्या कामात गुंतली. मग १५ डिसेंबर १९६६ ला खुद्द वॉल्ट डिस्ने गेले. वाड्यातली भुतं भीतीदायक हवीत की गमतीशीर, यावरही एकमत नव्हतं. क्लॉड कोट्स यांचा ओढा अंधाऱ्या, गूढ वातावरणाकडे, तर मार्क डेव्हिस यांचा विनोदी पात्रांकडे. शेवटी दोन्ही ठेवलं. म्हणून आजही सुरुवातीला अंगावर काटा येतो आणि शेवटच्या स्मशानात भुतं चक्क गाणी म्हणतात.

यात चमत्कार घडवायचं काम होतं येल ग्रेसी यांच्याकडे. मूळचे ते अ‍ॅनिमेशनमधले चित्रकार, पण हात सदा कुठल्यातरी खटपटीत. त्यांचे जोडीदार रॉली क्रम्प. क्रम्प पुढे एक किस्सा नेहमी सांगत. दोघांच्या खोलीत भुतांचे प्रयोग मांडलेले असायचे. रात्री झाडलोट करायला येणारे घाबरतात, तेव्हा दिवे चालू ठेवून जात जा, असा त्यांना निरोप आला. यांनी दिवे ठेवले खरे, पण कोणी आत आलं की दिवे जाऊन भुतं सुरू होतील, अशी सोयही करून ठेवली. सकाळी येऊन बघतात तर खोलीच्या मध्यभागी झाडू पडलेला! पुन्हा तिथे झाडायला कोणी आलं नाही म्हणे.

तर अशा या ग्रेसींनी केलेलं एक भूत म्हणजे 'हॅटबॉक्स घोस्ट'. हॅटबॉक्स म्हणजे टोपी ठेवायचा डबा. वाड्याच्या माळ्यावर एक नवरी उभी असते. १९६९ मध्ये तिचं हृदय लाल उजेडात धडधडताना दिसायचं. तिच्या जवळच हे भूत उभं केलं. अंगात लांब झगा, डोक्यावर उंच हॅट, दात विचकून हसणारं तोंड, एक हात काठीवर आणि दुसऱ्या हातात तो डबा. नवरीच्या हृदयाचा ठोका पडला, की भुताचं डोकं खांद्यावरून नाहीसं व्हायचं आणि डब्यात दिसायचं. पुढच्या ठोक्याला परत खांद्यावर.

युक्ती अगदी साधी होती. डोकी दोन, एक खांद्यावर आणि एक डब्यात. एकावर प्रकाश टाकायचा तेव्हा दुसऱ्यावरचा घालवायचा. बाकी सगळा अंधार असला की डोकं उडी मारून गेल्यासारखंच वाटतं.

९ ऑगस्ट १९६९ ला राईड लोकांसाठी उघडली. त्याआधी दोन दिवस डिस्नेलँडच्या नोकरवर्गाला ती दाखवली होती. तिथेच गडबड लक्षात आली. माळ्यावर आजूबाजूचा उजेड थोडा का होईना येत होता, आणि पाहुण्यांची गाडी भुताच्या अगदी जवळून जात होती. त्यामुळे दिवा गेला तरी खांद्यावरचा चेहरा पुरता नाहीसा व्हायचा नाही, अंधुक दिसतच राहायचा. एका भुताला दोन डोकी दिसली तर कोण घाबरणार?

त्याच वाड्यातल्या नाचाच्या दालनात मात्र भुतं झकास नाचत होती, आणि अजूनही नाचतात. ती युक्ती तर कितीतरी जुनी. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ मध्ये ती दाखवली, म्हणून तिला 'पेपर्स घोस्ट' म्हणतात. मोठी काच उभी करायची, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी ठेवलेल्या आकृतीवर प्रकाश टाकायचा आणि तिचं प्रतिबिंब काचेत पडू द्यायचं. दालनात पाहुणे वरच्या सज्जातून, ठराविक अंतरावरून बघतात, म्हणून ती जमते. हॅटबॉक्सवाल्याच्या नशिबी असं अंतर नव्हतं. दुरुस्तीचे प्रयत्न झाले, पण जमलं नाही आणि त्याला काढून टाकलं.

आता गंमत बघा. राईड उघडल्याची तारीख पक्की आहे. भूत नेमकं कधी काढलं, याबद्दल मात्र कोणी काही आठवडे म्हणतं, कोणी काही महिने. उद्घाटनाला फोटोग्राफर असतो. भूत उचलून नेताना कोण फोटो काढणार?

पण एक गोष्ट मागे राहिली. त्याच वर्षी डिस्नेने या वाड्याच्या गोष्टीची एक रेकॉर्ड काढली. दोन मुलं पावसातून पळत वाड्यात शिरतात आणि आतली भुतं बघत जातात. मुलाचा आवाज रॉन हॉवर्डचा, जो पुढे मोठा दिग्दर्शक झाला. त्या रेकॉर्डमध्ये हे डबेवालं भूत अगदी वर्णनासकट आहे. वाड्यातून भूत गेलं, पण घराघरातल्या रेकॉर्डवर ते राहिलं. मुलं ती पुन्हा पुन्हा ऐकायची, मग आईबापांबरोबर डिस्नेलँडला यायची आणि माळ्यावर मान वळवून शोधायची. तिथे नवरी असायची, हा नसायचा.

यातून वाद सुरू झाला. हे भूत खरंच होतं का? की नुसतं ठरलं होतं आणि उभंच राहिलं नाही? ज्यांनी पाहिलं होतं ते शपथेवर सांगत. न पाहिलेले म्हणत, रेकॉर्ड ऐकून ऐकून तुम्हाला पाहिल्यासारखं वाटतंय. आणि हा आक्षेप काही फालतू नव्हता. लहानपणी शंभर वेळा ऐकलेली गोष्ट आपण स्वतः पाहिली असं वाटणं, हे आपल्या सगळ्यांच्या बाबतीत घडतं.

आपल्याकडे बखर आणि अस्सल कागद यांच्यातला फरक फार मानतात. राजवाडे दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडले ते त्यासाठीच. त्या हिशेबाने रेकॉर्ड म्हणजे बखर झाली. मार्क डेव्हिस यांचं रेखाटन आहे, पण त्यावरून एवढंच कळतं की असं भूत मनात होतं. येल ग्रेसी आणि भूत शेजारी शेजारी उभे आहेत असा एक प्रसिद्ध फोटो आहे. त्यावरून कळतं की भूत तयार झालं होतं. ते माळ्यावर उभं होतं याचा पुरावा यातला एकही नाही. तो मिळाला पर्यटकांकडून. माळ्यावर काढलेले काही अंधुक फोटो पुढे आले, तेव्हा प्रश्न मिटला. ज्याने कोणी ते काढले, त्याला आपण इतिहासाचं साधन तयार करतोय हे स्वप्नातही नसणार. त्याला फक्त सुट्टीची आठवण हवी होती.

चाहत्यांनी विषय सोडला नाही. २०१३ मध्ये डिस्नेच्या चाहत्यांच्या संमेलनात नव्याने केलेलं हे भूत लोकांसमोर ठेवलं, आणि मे २०१५ मध्ये, डिस्नेलँडच्या साठाव्या वर्षी, ते माळ्यावर परत उभं राहिलं. जागा थोडी बदलली. आता ते नवरीच्या पुढे, स्मशानाकडे बाहेर पडायच्या वाटेवर आहे, आणि प्रोजेक्शनच्या मदतीने डोकं हवं तेव्हा गायब होतं. मी पाहिलं ते हेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या वाड्यातही त्याची नेमणूक झाली. त्याच वर्षीच्या 'हाँटेड मॅन्शन' सिनेमात तर तो मुख्य खलनायक आहे. नोकरीवरून काढलेल्याला एवढी बढती क्वचितच मिळत असेल :-)

हे सगळं वाचताना मला आमच्या घरातलं एक 'भूत' आठवत राहिलं. आजीच्या धाकट्या भावाने तरुणपणी सायकली भाड्याने द्यायचं दुकान काढलं होतं. ते बुडालं. मग तो परगावी नोकरीला गेला आणि दुकानाचा विषय घरात कोणी काढेनासं झालं. एक आत्या म्हणते दोन वर्षं चाललं, दुसरी म्हणते छे, सहा महिनेसुद्धा नाही. माझे वडील तर म्हणायचे, दुकान काढायचं नुसतं बोलणंच झालं होतं.

आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत हिशेबाच्या वह्या निघाल्या. दूध, रॉकेल, वाण्याची उधारी. त्यात एका पानावर तारखेसकट एक ओळ होती, भावाच्या दुकानाच्या पूजेला नारळ आणि पेढे. म्हणजे दुकान होतं! नुसतं बोलणं नव्हतं. पुढची सगळी पानं मी उलटून पाहिली. दुकान बंद झाल्याची ओळ कुठेच नाही. कशी असेल? दुकान बंद झालं म्हणून कोणी पेढे वाटत नाही.

घराण्याचा इतिहास लिहायला बसलं की आपण सनदा, पदव्या, बढत्या, बंगल्याची वास्तुशांत, हेच लिहितो. जे जमलं त्याचे कागद असतात. जे करून पाहिलं आणि जमलं नाही, त्याचा कागद कोणी ठेवत नाही, आणि दोन पिढ्यांनी ते घडलंच नव्हतं असं होऊन बसतं. डिस्नेसारख्या कंपनीच्या भुताला निदान रेकॉर्ड विकत घेणारी मुलं मिळाली. आजीच्या भावाला मिळाली ती फक्त नारळ-पेढ्यांची एक ओळ. त्या माणसाने विशीत हिंमत करून दुकान टाकलं होतं, हे त्याच्याच नातवंडांना माहीत नाही. मला वाटतं, त्याच्या पुढच्या तीस वर्षांच्या नोकरीइतकंच तेही त्याचं होतं.

तेव्हा हे वाचणाऱ्या घरच्या मंडळींना एक विनंती. जुन्या वह्या, पत्रिका, मागे काही लिहिलेले फोटो रद्दीत देण्याआधी मला एक फोन करा. आणि दोन्ही आत्यांनी दुकानाबद्दल जे आठवतं ते आपापलं वेगवेगळं लिहून पाठवा, एकमेकींना विचारू नका. सायकली किती होत्या, तासाला भाडं काय होतं, पाटीवर नाव काय होतं... काहीही चालेल. दोघींचं जुळलं नाही तरी चालेल. वहीतली ती ओळ माझ्याकडे आहे, तिथून सुरुवात करू.